बजेटमध्ये डीबी, एमसीबी, आरसीसीबी घेताना नेमकं काय बघायचं

घराचं वायरिंग काढलं की निम्मा खर्च स्विचच्या प्लेटा, पंखे आणि फॉल सिलिंगच्या लाइटींवर होतो आणि डीबीची, म्हणजे घरभर लाइन वाटणाऱ्या खोक्याची, वेळ आली की वायरमनला सांगितलं जातं, बघ बाबा काहीतरी परवडणारं, दारामागेच तर बसणारंय. परवडणारं घ्यायला माझी हरकत नाही, मी स्वतः महागड्या डीबीचा भक्त नाही, पण परवडणारं आणि भंगार यात फरक असतो आणि तो फरक बराचसा दुकानाच्या काउंटरवरच कळतो, फक्त कुठे बघायचं ते माहीत पाहिजे. मुंबईत लोहार चाळ असो, पुण्यात तपकीर गल्ली असो नाहीतर तालुक्याच्या गावातलं हार्डवेअरचं दुकान असो, माल सगळीकडे तोच तीन प्रकारचा: कंपनीचा, बिनकंपनीचा आणि कंपनीच्या नावाचा डुप्लिकेट. आणि मला विचाराल तर तिसरा सगळ्यात वाईट, कारण त्याचे पैसे आपण पहिल्याच्या भावाने देतो.

आधी कोण काय काम करतं ते एकदा डोक्यात बसवा, नाहीतर पुढचं सगळं फुकट. एमसीबी वायरला वाचवतो. लोड जास्त झाला किंवा शॉर्ट झालं तर लाइन तोडतो, बस. तुम्हाला शॉक बसला तर एमसीबीला काही कळत नाही, कारण माणसाला मारायला अर्ध्या अँपिअरपेक्षाही कितीतरी कमी करंट पुरतो आणि एमसीबी बसलाय सोळा अँपिअरची वाट बघत. माणसाला वाचवतो तो आरसीसीबी, ज्याला आपल्याकडे अजून सगळे ईएलसीबीच म्हणतात. तो फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का हे बघतो, तफावत दिसली की बंद. पण त्याला ओव्हरलोड किंवा शॉर्ट कळत नाही, म्हणजे नुसता आरसीसीबी लावून वर एमसीबी नसेल तर आरसीसीबीच जळतो. दोन्ही कामं एकात पाहिजे असतील तर आरसीबीओ, तो महाग. आणि चौथा म्हणजे आयसोलेटर, हा नुसता स्विच. दिसायला हुबेहूब डबल पोल (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणाऱ्या) एमसीबीसारखा, त्यामुळे स्वस्त डीबीत मेनला ६३ अँपिअरचा आयसोलेटर टाकलेला असतो आणि घरमालक वर्षानुवर्षं समजत असतो की मेन एमसीबी आहे, काही झालं तर पडेल. तो जन्मात पडणार नाही. ओळख सोपी आहे, एमसीबीवर आकड्याच्या आधी बी, सी किंवा डी अक्षर असतं, सी३२, सी४० असं, आयसोलेटरवर नुसताच आकडा असतो.

आता एमसीबी हातात घ्या. समोरच्या तोंडावर काय छापलंय ते वाचा. अक्षर आणि आकडा, म्हणजे सी१६. त्याखाली चौकोनात ६००० किंवा १००००, ही ब्रेकिंग कॅपॅसिटी, म्हणजे शॉर्ट झाल्यावर इतक्या अँपिअरपर्यंतचा करंट तो न फुटता तोडू शकतो, आणि त्याला लागून छोट्या चौकोनात ३ हा आकडा, हा एनर्जी क्लास, म्हणजे शॉर्टच्या वेळी तो किती कमी ऊर्जा पुढे जाऊ देतो त्याचा दर्जा. व्होल्टेज २४० किंवा ४१५. बाजूला नाहीतर खाली आयएस/आयईसी ६०८९८ हा स्टँडर्ड नंबर, आयएसआयचा शिक्का, त्या शिक्क्याखाली सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर. यातलं एक जरी गायब असेल तर तो पीस परत ठेवा, कितीही स्वस्त असला तरी. ऑनलाइन जे बाहेरून आलेले स्वस्त तुकडे मिळतात त्यावर बऱ्याचदा ३००० किंवा ४५०० लिहिलेलं असतं आणि आयएसआय नसतोच. आपल्या देशात घरगुती एमसीबीला आयएसआय सक्तीचा आहे, ऐच्छिक नाही, त्यामुळे "एक्स्पोर्ट क्वालिटी आहे साहेब, त्याला आयएसआय लागत नाही" असं कोणी म्हणालं तर हसून पुढच्या दुकानात जा.

शिक्का काय, कोणीही छापतो. म्हणून मोबाइलवर बीआयएस केअर नावाचं सरकारी अ‍ॅप घ्या, त्यात लायसन्स तपासायची सोय आहे, सीएम/एल नंबर टाकला की कंपनीचं नाव, पत्ता, कुठल्या मालाचं लायसन्स आहे आणि ते चालू आहे का ते येतं. इथे दोन गोष्टी जुळवा. एक, नाव तेच आहे का, आणि दुसरं, शिक्क्याच्या वरचा स्टँडर्ड नंबर त्या वस्तूचाच आहे का, कारण एमसीबीवर ६९४ असेल तर तो वायरचा नंबर आहे, आरसीसीबीला १२६४० भाग १ आणि आरसीबीओला १२६४० भाग २ पाहिजे. मोठ्या कंपन्यांचं नाव कधी कधी अ‍ॅपमध्ये वेगळं दिसतं कारण कारखाना दुसऱ्या नावाने असतो, तेवढ्यावरून घाबरू नका, पण पंख्याच्या लायसन्सवर एमसीबी निघाला तर समजून जा. एक उपकथा इथेच सांगतो, एल अँड टीचा स्विचगिअरचा धंदा श्नायडरने २०२० मध्ये घेतला आणि २०२४ पासून तो माल लॉरिट्झ नुडसेन या नावाने यायला लागला. लोक हे नवीन नाव बघून डुप्लिकेट समजतात आणि जुन्या नावाचा डबा मागतात, म्हणजे डुप्लिकेटवाल्याला पाहिजे तेच. जुन्या नावाचा डबा दिला तर आधी पॅकिंगची तारीख बघा.

शिक्के झाले, आता हाताने. खटका वर-खाली करून बघा. चांगल्याचा खटका मध्ये कुठेही थांबत नाही, एका ठिकाणानंतर आपणहून ठक्कन जातो, वर जाताना थोडा जोर लागतो आणि खाली येताना स्प्रिंग स्वतः ओढते. हळूहळू ढकलला तर हळूहळूच जाणारा, मध्येच लोंबकळणारा खटका म्हणजे आतलं कॉन्टॅक्टही तसंच हळू लागणार, तिथे स्पार्क, तिथे कार्बन. वजन बघा, शेजारी नावाजलेल्या कंपनीचा तसाच पीस ठेवून एकेक हातात तोला, साधारण शंभर ग्रॅमच्या आसपास वजन असतं एका पोलचं आणि डुप्लिकेट लगेच हलका लागतो, कारण आत तांब्याची कॉइल बारीक आणि आर्क विझवायच्या लोखंडी पट्ट्यांची चळत अर्धीच असते. काहींमध्ये तर कॉइल आणि बायमेटल (ओव्हरलोडला तापून वाकणारी पट्टी, तीच लाइन तोडते) नावालाच असतं, म्हणजे एमसीबीच्या कपड्यातला स्विच.

मग टर्मिनल, म्हणजे वायर आवळायची जागा. स्क्रू पूर्ण सैल करा आणि परत आवळा, आत पिंजरा वर उचलला जातो तो दिसला पाहिजे, पिंजरा जाड, आतून दातेरी. स्क्रू मऊ असेल तर दुसऱ्यांदा आवळतानाच त्याचं डोकं झिजतं. माझ्या मते बजेट मालाची खरी परीक्षा इथे आहे. एमसीबी ट्रिप न होऊन लागलेल्या आगीपेक्षा ढिल्या टर्मिनलवर वायर तापून जळालेले डीबी मी जास्त बघितलेत, आणि टर्मिनल ढिलं असलं तर एमसीबी काही करू शकत नाही कारण करंट तर नॉर्मलच असतो.

एक गोष्ट कृपा करून करू नका आणि वायरमनलाही करू देऊ नका: फेज-न्यूट्रल एकमेकांना टेकवून "बघा साहेब कसा पडतो" असा डेमो. त्यातून एवढंच सिद्ध होतं की त्या वेळेला पडला. त्यात कॉन्टॅक्ट खराब होतात, डोळ्यासमोर भडका उडतो आणि माल डुप्लिकेट असेल तर पीस हातातच फुटू शकतो.

ब्रेकिंग कॅपॅसिटी सहा हजारची घ्यायची की दहा हजारची? तुमच्या सोसायटीच्या कंपाउंडमध्येच ट्रान्सफॉर्मर असेल तर दहा घ्या. गावात ट्रान्सफॉर्मर लांब, मधे बारीक सर्व्हिस वायर, तिथे तेवढा करंट येतच नाही, सहा भरपूर झाला. पण आपल्याकडे नावाजलेल्या कंपन्यांचे साधे एमसीबीसुद्धा बहुतेक दहाचेच येतात, त्यामुळे यावर फार डोकं चालवायची गरज पडत नाही. एका पोलचा चांगला एमसीबी साधारण दीडशे-अडीचशेच्या घरात मिळतो, आणि साठ-सत्तरला मिळाला तर तो का मिळाला हा प्रश्न पडला पाहिजे.

बी आणि सी चं मात्र समजून घ्या. बी टाइप आपल्या रेटिंगच्या ३ ते ५ पट करंटला झटक्यात पडतो, सी टाइप ५ ते १० पट, डी १० ते २० पट. दुकानात मागितलं की सी च देतात, एसी, पंप, मोटारीला सी बरोबर आहे कारण सुरू होताना ते जोरात ओढतात. लाइट आणि गिझरला बी चालतो आणि लांब वायरिंग असलेल्या घरात तोच बरा. आणि हळू पडायचं गणित असं आहे की रेटिंगच्या १.१३ पट करंटला तासाभरात पडता कामा नये आणि १.४५ पटीला तासाभरात पडलाच पाहिजे. म्हणजे सोळाचा एमसीबी १८ अँपिअरवर आरामात चालू राहतो आणि २३ अँपिअरवर पडायला तो एक तासही घेऊ शकतो, त्यात त्याची काही चूक नाही. म्हणूनच वायर त्या मानाने जाड पाहिजे. दीड स्क्वेअर एमएमला १० च्या वर नको, अडीचला १६, फार तर २०, चारला २५. "सारखा पडतो म्हणून सोळाचा काढून बत्तीसचा टाकला" हे वाक्य ऐकलं की माझ्या अंगावर काटा येतो, कारण आता फ्यूजचं काम भिंतीतली वायर करणार.

उन्हाचं पण एक आहे. हे एमसीबी ३० अंश तापमान धरून कॅलिब्रेट केलेले असतात. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात पश्चिमेच्या भिंतीवरच्या बंद डीबीत पन्नासच्या आसपास सहज जातं, तिथे सोळाचा एमसीबी चौदाच्या आसपासच्या एमसीबीसारखा वागतो आणि लोक म्हणतात माल खराब आहे. माल बरोबर आहे, जागा चुकली. डीबी आतल्या भिंतीवर घ्या, दोन भारी लोडचे एमसीबी शेजारी शेजारी लावू नका, झालं.

आता आरसीसीबी, आणि इथे मी घासाघीस करत नाही. बजेट कितीही कमी असो, बाकी सगळं स्वस्तातलं घ्या पण हा चांगला घ्या. का, ते एका हिशोबाने सांगतो. समजा गावाकडे घराबाहेर स्वतःचा अर्थिंगचा खड्डा आहे आणि त्याचा रेझिस्टन्स १० ओहम आहे, खरं तर कितीतरी ठिकाणी कोरड्या जमिनीत याहून जास्त असतो. गिझरच्या बॉडीला फेज उतरली. २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपिअर जमिनीत जातोय. गिझरचा एमसीबी सोळाचा. वर काय सांगितलं, २३ ला पडायला एक तास लागू शकतो. म्हणजे अर्थिंग आहे, एमसीबी आहे, दोन्ही आयएसआय आहेत, आणि तरी तासभर गिझर आणि नळाला करंट. आरसीसीबी असेल तर ३० मिलीअँपिअर निसटले की ३०० मिलिसेकंदाच्या आत बंद, आणि गळती त्याच्या पाचपट असेल तर ४० मिलिसेकंदाच्या आत. यापुढे काही बोलायची गरज आहे का.

घरासाठी ३० मिलीअँपिअरचाच. दुकानदार १०० किंवा ३०० चा पुढे करतो, "हा सारखा ट्रिप नाही होणार," हे खरंच आहे, तो तुम्हाला शॉक बसल्यावर पण ट्रिप नाही होणार. ३०० चा आगीपासून बचावासाठी असतो, मोठ्या इमारतीच्या मेनला, तो माणसासाठी नाही. अँपिअरचा आकडा, ४० किंवा ६३, हा त्यातून किती करंट जाऊ शकतो तो आहे, वरच्या मेन एमसीबीइतका किंवा त्याहून जास्त ठेवायचा.

तोंडावर छोट्या चौकोनात लाटेचं चिन्ह बघा. नुसती एक लाट असेल तर एसी टाइप (इथे एसी म्हणजे अल्टरनेटिंग करंट, एअर कंडिशनर नव्हे), लाटेखाली अर्धे अर्धे डोंगर असतील तर ए टाइप. आता घराघरात इन्व्हर्टर एसी, फ्रंट लोडिंग वॉशिंग मशीन, इंडक्शन आलेत, त्यांच्या आत इलेक्ट्रॉनिक्स आहे आणि त्यातून होणारी गळती साध्या एसी टाइपला कधी कधी दिसतच नाही, म्हणून ए टाइप घेतलेला बरा. थोडा महाग पडतो आणि छोट्या दुकानात मागवून घ्यावा लागतो. ते शक्य नसेल तर एसी टाइप तरी लावाच, काहीच नसण्यापेक्षा हजारपट चांगला.

दुसरं म्हणजे इलेक्ट्रोमॅग्नेटिक की इलेक्ट्रॉनिक. काही स्वस्त आरसीसीबीत आत एक छोटं सर्किट असतं आणि त्याला चालायला स्वतःला फेज-न्यूट्रल दोन्ही लागतात. आपल्याकडे पावसाळ्यात खांबावरचा न्यूट्रल तुटणं ही काही नवलाची गोष्ट नाही, आणि न्यूट्रल गेला की हे सर्किट मेलं, पण फेज घरात जिवंतच. म्हणजे नेमक्या वाईट वेळेला तो झोपतो. इलेक्ट्रोमॅग्नेटिकला बाहेरून सप्लाय लागत नाही, गळतीच्या करंटच्या ताकदीवरच त्याचा खटका सुटतो. बाजूला जे बारीक सर्किटचं चित्र छापलेलं असतं त्यात त्रिकोण दिसला आणि त्याला दोन्ही लाइनींवरून रेषा गेलेल्या असतील तर तो इलेक्ट्रॉनिक.

चित्रावर विश्वास नसेल तर एक मस्त टेस्ट आहे, दुकानातच करता येते, फक्त पीस सुटा पाहिजे, कुठेही जोडलेला नको. खिशात टीव्हीच्या रिमोटचा चांगला सेल आणि दोन वायरचे तुकडे ठेवा. आरसीसीबीचा खटका वर करा, आणि एकाच पोलच्या वरच्या आणि खालच्या टर्मिनलला सेलची दोन टोकं क्षणभर टेकवा. एकाच पोलच्या हं, फेज-न्यूट्रलमध्ये नाही. करंट एकाच बाजूने गेला, परत दुसरीकडून आला नाही, म्हणजे त्याच्या दृष्टीने ही गळतीच, इलेक्ट्रोमॅग्नेटिक असेल तर खट्कन पडतो. नाही पडला तर सेल उलटा करून बघा, कारण एसी टाइप कधी कधी एकाच दिशेला ऐकतो. दोन्हीकडून नाही पडला आणि सेल नवीन आहे, तर तो इलेक्ट्रॉनिक आहे किंवा मेलेला आहे, दोन्ही आपल्याला नकोत. दुकानदार थोडा विचित्र नजरेने बघतो, बघू दे, दीड-दोन हजाराची वस्तू घेतोय आपण.

त्यावरचं टेस्ट बटण मात्र सप्लाय असतानाच चालतं, सुट्या पीसचं बटण दाबून काही होत नाही. आणि बटण दाबल्यावर पडला याचा अर्थ यंत्र हलतंय एवढाच, अर्थिंग चांगलं आहे असा नाही.

आरसीसीबी बसवल्यावर चार दिवसांत "सारखा पडतोय, काढून टाकतो" असं वायरमन म्हणणार हे गृहीत धरा. नव्वद टक्के वेळा दोष आरसीसीबीचा नसतो हे मी अनुभवाने म्हणतोय. आपल्याकडे बऱ्याच घरांत बॅटरीचा इन्व्हर्टर आहे, आणि इन्व्हर्टरची फेज वेगळी ओढतात पण न्यूट्रल मात्र कुठल्यातरी स्विचबोर्डात जुन्या न्यूट्रललाच गुंडाळतात. मग आरसीसीबीतून गेलेला करंट दुसऱ्या वाटेने परत जातो, त्याला वाटतं गळती झाली, पडतो. इलाज म्हणजे आरसीसीबीच्या पुढचे सगळे न्यूट्रल त्याच्या स्वतःच्या न्यूट्रल पट्टीवर वेगळे करायचे आणि इन्व्हर्टरचे वेगळे. अर्धा दिवसाचं काम आहे म्हणून टाळतात. आरसीसीबीला बायपास मारून डीबीत शोभेला ठेवलेला मी खूप घरांत बघितलाय, इन्व्हर्टर बंद करून टेस्ट बटण दाबा, घरातले पंखे-लाइट गेले नाहीत तर तुमच्याकडेही तेच असेल.

पैसे थोडे जास्त घालता आले तर एकाऐवजी दोन आरसीसीबी घ्या, एकावर फ्रिज आणि लाइट, दुसऱ्यावर गिझर, वॉशिंग मशीन, बाहेरचे पॉइंट. नाहीतर तुम्ही गावाला गेलेले असताना पावसाच्या पाण्याने गॅलरीतला प्लग ओला होतो, सगळं घर बंद पडतं आणि परत आल्यावर फ्रिजमधला वास घरभर.

आता खोका, म्हणजे डीबी. इथे खरं तर पैसे वाचवायला जागा आहे, काचेचा दरवाजा आणि गुळगुळीत पांढरा रंग याने करंटला फरक पडत नाही. पण आतल्या तीन गोष्टी बघा. पहिली बसबार, तो कंगव्यासारखा पट्टा जो सगळ्या एमसीबींना खालून फेज देतो. वरून सगळेच चकचकीत पांढरे दिसतात कारण कथिलाचा मुलामा असतो, म्हणून कापलेलं टोक बघा, तिथे लालसर तांबं दिसलं पाहिजे. पांढरंच दिसलं तर अ‍ॅल्युमिनियम, आणि चुंबक चिकटला तर देवच वाचवो. दुसरी न्यूट्रल आणि अर्थची पट्टी, ती पितळी पाहिजे, चुंबक चिकटता कामा नये. स्क्रूला चिकटेल, ते लोखंडी असतात, पट्टीला लावून बघा. आणि भोकं मोजा! आठ वेच्या, म्हणजे आठ जागांच्या, खोक्यात सहा भोकांची न्यूट्रल पट्टी देणारे महाभाग आहेत, मग वायरमन एका भोकात दोन-दोन वायरी कोंबतो, एक आवळली जाते, एक ढिली राहते. तिसरी गोष्ट रेल, ज्यावर एमसीबी अडकतात. एक एमसीबी अडकवून हलवून बघा, खडखडत असेल तर रेल पातळ आहे.

पत्रा हाताने दाबून बघा, दार वाकतं का, कडा हाताला लागतात का, पावडर कोटिंग आतूनही आहे का. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेने आतून गंज धरतो, तिथे चांगल्या प्लास्टिकचा खोका मला जास्त पटतो, पण तो आग न धरणाऱ्या प्लास्टिकचा पाहिजे, घासल्यावर खडूसारखी पूड निघणारा नको. पत्र्याचा घेतला तर बॉडीला आणि दारालाही अर्थ जोडायचा बोल्ट आहे ना ते बघा. न वापरलेल्या जागा झाकायच्या पट्ट्या मागून घ्या आणि वायरीसाठी पाडलेली भोकं रबराने बंद करा. पालीला गरम जागा आवडते, आणि बसबारवर आडवी झालेली पाल तर मरतेच पण सोबत तुमचा डीबीही काळा करते.

वे मोजताना नीट विचारा. आठ वे म्हणजे मेनचे दोन धरून आठ की सोडून आठ, काही कंपन्या आठ अधिक दोन असं लिहितात, काही नाही. डबल पोल आरसीसीबी दोन जागा खातो. आज जेवढे लागतात त्याहून तीन-चार जागा जास्तीच्या घ्या, खोक्यात फरक थोड्या रुपयांचा पडतो आणि उद्या एसी घेतला की नवीन खोका फोडून बसवायला लागत नाही.

सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे एसपीडी, लाइनीतून आलेला व्होल्टेजचा झटका जमिनीत सोडणारा, घ्यायचा की नाही? विदर्भ-मराठवाड्यात जिथे विजा जोरात पडतात, शेतातलं घर आहे, ओव्हरहेड लाइन आहे, तिथे घ्या, टाइप २, आणि व्होल्टेज २७५ ऐवजी ३२० चा मिळाला तर तो, कारण गावाकडे रात्री लोड कमी झाला की व्होल्टेज असाही चढलेला असतो. खिडकीत हिरवं असतं, लाल झालं की बदलायचा, ही खिडकीच नसेल तर घेऊ नका. अर्थिंग नसेल तर एसपीडीवर पैसे घालवू नका, आधी अर्थिंग. आणि ते ऑनलाइन मिळणारे डिजिटल आकडे दाखवणारे ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर, कल्पना चांगली आहे, न्यूट्रल तुटून घरात ४०० च्या आसपास व्होल्टेज आला तर ते टीव्ही-फ्रिज वाचवतात, पण वर ६३ छापलं असलं तरी आत एक रिले, म्हणजे करंटवर चालणारा छोटा स्विच, असतो, मी त्यावर अर्ध्याहून जास्त लोड टाकणार नाही आणि त्याला एमसीबीच्या जागी तर नाहीच नाही.

हिशोब असा लावा. खोका मधला घ्या. एमसीबी कुठल्याही नावाजलेल्या कंपनीचे, सगळ्यात साध्या रेंजमधले, त्यांच्या महाग रेंजची घरात काही गरज नसते, पण शक्यतो सगळे एकाच कंपनीचे, कारण वेगवेगळ्या कंपन्यांच्या टर्मिनलची उंची थोडी वेगळी असते आणि बसबारचे दात नीट बसत नाहीत. आरसीसीबी चांगला, शक्यतो ए टाइप. उरलेले पैसे वायर आणि अर्थिंगवर. वायफायवाले स्मार्ट एमसीबी, ज्यांच्यावर आयएसआय नाही, ते डीबीत नकोत, हौस असेल तर एका प्लगला स्मार्ट सॉकेट लावा. बिल पक्कं घ्या, मॉडेल नंबर लिहिलेलं, कारण डुप्लिकेट निघाला तर बीआयएस केअरवरूनच तक्रार करता येते आणि तिथे बिल कामाला येतं.

बसवायचं काम लायसन्स असलेल्या माणसाकडूनच, नवीन कनेक्शनला महावितरणला त्याचा टेस्ट रिपोर्ट तसाही लागतो. स्वतः झाकण उघडलंत तर लक्षात ठेवा, मेन खाली पाडला तरी मीटरकडून आलेल्या वायरी जिवंतच असतात. काम चालू असताना दोनच गोष्टींवर नजर ठेवा: मल्टिस्ट्रँड वायरचे चार धागे कापून ती भोकात बसवत नाहीये ना, आणि बसबारचा दात पिंजऱ्याच्या आत जातोय की मागे. मागे गेला तर स्क्रू घट्ट लागतो पण दात मोकळाच राहतो, बाहेरून काही कळत नाही आणि सहा महिन्यांनी जळका वास येतो.

महिनाभराने वायरमनला एकदा परत बोलवा आणि मीटरकडून सप्लाय बंद करून सगळे स्क्रू आवळून घ्या, तांबं दबतं आणि पहिल्या महिन्यात स्क्रू थोडे सैल होतातच. त्याच्या आधी गिझर, एसी अर्धा तास चालवून एमसीबींच्या तोंडावर हाताची मागची बाजू लावून बघा, कोमट असणं ठीक, पण शेजाऱ्यापेक्षा एखादा चटका लागेल इतका गरम असेल तर तो आधी दाखवा. आणि वायरमन आलाच आहे तर मीटरजवळचा जुना किटकॅटही (चिनीमातीचा फ्यूज) त्याला उघडायला सांगा, त्यात फ्यूज वायरच्या जागी कोणीतरी जाड तांब्याची तार पिळून ठेवलेली असण्याची शक्यता बरीच आहे.